अकरा गाठींची जाळी

दोन खांब समोरासमोर उभे दिसले की त्यांच्यामध्ये काहीतरी बांधल्याशिवाय माणसाला चैन पडत नाही. मानवजातीची बरीचशी प्रगती अशीच झालेली आहे. तोरण, पाळणा, धुणं वाळत घालायची तार आणि वाढदिवसाचा फ्लेक्स ही सगळी याच ओढीची फळं. मात्र काय बांधायचं हे ठरवायला अर्धा तास पुरतो आणि कुणी बांधायचं हे ठरवायला पिढ्या लागतात, हे ज्या गावाला कळलं त्यालाच संस्कृती असलेलं गाव म्हणावं. कोरेगाव तालुक्यातलं जांभुळदरा हे असं गाव आहे.

जांभुळदऱ्यात शाळेमागच्या पटांगणावर दोन खांब उभे केले ते नाथाजी हवालदारांनी. नाथाजी चोवीस वर्षं पलटणीत होते आणि त्यातली सोळा वर्षं पलटणीच्या व्हॉलीबॉल संघात. खांब म्हणजे बंद पडलेल्या पाणी योजनेचे लोखंडी पाइप. (योजनेचं पाणी गावात आलं नाही, पण पाइप आले, आणि पाइप उत्तम होते.) नाथाजींनी ओळंबा लावून ते सिमेंटात सरळ रोवले आणि आठ दिवस पाणी मारलं. पुरुषांच्या खेळात जाळीचा वरचा काठ जमिनीपासून दोन मीटर त्रेचाळीस सेंटिमीटर उंच असावा लागतो. तेवढं टेपनं मोजून त्यांनी दोन्ही खांबांवर लाल रेघ ओढली. आता जाळी आणायची आणि रेघेला बांधायची, एवढंच राहिलं होतं. पलटणीत हे काम दोन जवान नऊ मिनिटांत करत.

नाथाजींना घाई होती. त्यांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन मिरजेला ठरलं होतं, सोमवारी. त्यानंतर चालता येईल, जिना चढता येईल, पण उडी मात्र आयुष्यात मारायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि नाथाजींची एक मॅच राहिली होती.

ही मॅच एक्केचाळीस वर्षांपूर्वी कोरेगावच्या मैदानात सुरू झाली. एका बाजूला जांभुळदरा, दुसऱ्या बाजूला सांगलीचा संघ. शेवटच्या डावात चौदा-चौदा अशी बरोबरी झाली आणि जाळीची दोरी तुटली. दुसरी दोरी मिळेपर्यंत सांगलीची एसटी लागली. तेव्हापासून मॅच चौदा-चौदावर उभी आहे. सर्व्हिस नाथाजींची होती. समोर कप्तान होता सुकुमार. त्याचं आता सांगलीच्या पेठेत खेळाच्या सामानाचं दुकान आहे. दर दिवाळीला सुकुमारचा फोन येई.

"काय रं हरलेल्या, बरा हायस न्हवं?"

"कोन हरला? सर्व्हिस माझी हाय आजून. बॉल हातातच हाय."

यापलीकडे ते फारसं बोलत नसत. एक्केचाळीस वर्षांत या संभाषणात बदल झाला नाही, आणि ते एकही वर्ष चुकलं नाही.

त्या मॅचमधल्या बारा खेळाडूंपैकी चार वारले, तीन मुलांकडे पुण्या-पनवेलला गेले, दोघांचं बांधावरून एकमेकांशी बोलणं नाही, आणि एक जण आपण कधी व्हॉलीबॉल खेळलोच नाही असं म्हणतो. उरले दोघे. तेव्हा ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, रविवारी दुपारी चारला, दोघांनीच ती मॅच संपवायची असं फोनवर ठरलं.

पटांगण ग्रामपंचायतीचं, म्हणून नाथाजी ग्रामसभेत परवानगी मागायला गेले. चूक झाली ती तिथे. सरपंच भामाबाईंनी परवानगी दिलीच होती. त्या पुढच्या विषयाकडे वळणार एवढ्यात भिंतीला टेकून बसलेल्या जयराज आबांनी डोळे उघडले. आबांचं वय ब्याऐंशी. भैरोबाच्या पालखीचा पुढचा खांदा त्यांच्या घराण्याचा.

"पयली गाठ कुनाची?" आबांनी विचारलं.

गुडघ्यावर नजर ठेवून असलेल्या माणसाची बुद्धी गुडघ्यातच राहते. नाथाजींना सभेतून लवकर सुटायचं होतं. ते म्हणाले, "तुमचीच की, आबा. दुसऱ्या कुनाची?"

आबांनी समाधानानं डोळे मिटले. बाकी सगळ्यांनी उघडले.

कारण पहिली गाठ पुढच्या खांद्याची असेल, तर दुसरी मागच्या खांद्याची, हे उघड आहे. मग अब्दागिरीवाल्यांनी काय पाप केलं? जांभुळदऱ्यात भैरोबाचे अकरा मानकरी आहेत: पुढचा खांदा, मागचा खांदा, अब्दागिरी, चवरी, दिवटी, ढोल, सनई, पहिला गुलाल, पहिला नारळ, पानाचा विडा आणि पालखी अडवणं. शेवटचा मान गुंडाच्या घराण्याचा. पालखी गुंडाच्या दारात आली की घरातला कर्ता पुरुष आडवा उभा राहून "थांबा" म्हणतो. तो "चला" म्हणत नाही तोवर देव हलत नाही. (एका साली गुंडाच्या वडलांना "थांबा" म्हटल्यावर ओट्यावर झोप लागली. देव तीन तास उन्हात होता. देवानं तक्रार केली नाही.) बायकांना पुरणपोळ्या लाटण्याचा मान आहे. त्यावरून मात्र गावात कधी वाद झालेला नाही.

ठराव एकमतानं झाला: जाळीला अकरा गाठी असाव्यात आणि त्या मानाच्या क्रमानं बांधाव्यात. जाळीच्या उंचीचा विषय वेळेअभावी घेता आला नाही.

जाळी निवडायला पाच जणांची समिती जीपनं सांगलीला गेली. नाथाजी, आबा, गुंडा, पोलीस भरतीची तयारी करणारा सहा फूट दोन इंचाचा ऋषिराज (मागचा खांदा), आणि जीपवाला. जीपवाल्याला मान नव्हता, पण जीप होती.

सुकुमारनं गादीवर बैठक घातली, पाणी दिलं आणि तीन जाळ्या पसरल्या. एक सुती, एक नायलॉनची, आणि एक उन्हापावसात टिकणारी जाड दोऱ्याची, वरच्या काठात पोलादी तार ओवलेली. बाहेरच्या खांबांना हीच घ्यावी, तार ताणून बसते, मध्ये झोळ पडत नाही, असं त्यानं समजावून सांगितलं. समितीनं ते ऐकून घेतलं आणि मग जाळी बघायला सुरुवात केली.

खरसुंडीच्या बाजारात खोंड बघावं तशी बघितली. आबांनी जाळीच्या पाठीवरून हात फिरवला. गुंडानं घरं मोजली, वास घेतला आणि एक दोरा दातानं ओढून बघितला. ऋषिराजनं तिला दुकानाच्या बोळातून चालवून आणलं. चाल कुणाला वाईट वाटली नाही.

"दोऱ्या किती हैत हिला?" आबांनी विचारलं.

"सहा. वर दोन, खाली दोन, कडंला मधी दोन," सुकुमार म्हणाला.

"मग परत ठिवा. अकरावाली दावा."

"अकरा दोऱ्यांची जाळी जगात कुटं मिळत न्हाई, आबा. सहातच भागतंय."

"जगाला मानकरी सा असत्याल," आबा म्हणाले. "त्यात आमची काय चूक?"

सुकुमारनं नाथाजींकडे बघितलं. नाथाजी भिंतीवरच्या बॅडमिंटनच्या रॅकेटींची नावं वाचत होते. मग सुकुमार उठला, दाभण घेऊन बसला आणि त्यानं तार ओवलेल्या जाळीला कडेनं जास्तीच्या दोऱ्या शिवून दिल्या. बांधाबांध झाल्यावर गुंडानं मोजल्या.

"बारा हैत ह्या."

"एक जादाची ऱ्हाऊ द्या," सुकुमार म्हणाला. "कोन ना कोन येतोयच."

जीप निघताना त्यानं नाथाजींच्या खिडकीशी वाकून हळूच विचारलं, "रविवारी खेळायचं हाय न्हवं आपल्याला? का वरात काढायची हाय?"

"तू बूट घालून ये," नाथाजी म्हणाले. त्यांच्या आवाजात खात्री होती, कारण रविवारला अजून चार दिवस होते.

रविवारी सकाळी दहाला कार्यक्रम सुरू झाला. खांबांना हळद-कुंकू लावलं, नारळ फुटला, ध्वनिक्षेपकावर माहिती देण्यात आली. नाथाजी टेप घेऊन उभे होते. जाळी बांधण्याची शास्त्रीय पद्धत अशी, की आधी वरची तार दोन्ही बाजूंनी रेघेला अडकवायची, ताणायची, मध्यावर उंची मोजायची, आणि मग खालच्या दोऱ्या ओढायच्या. जांभुळदऱ्याची पद्धत याहून सोपी आहे. मानकऱ्याचा हात जिथे पोचेल तिथे गाठ.

आबांचा उजवा खांदा गेली पंचवीस वर्षं वर जात नाही. (पालखीचा खांदा वाहिल्याचा हा पुरावा ते सगळ्यांना दाखवतात.) त्यांनी वरच्या तारेची पहिली गाठ पूर्वेच्या खांबाला छातीच्या उंचीवर बांधली. नाथाजींनी लाल रेघेकडे बोट केलं. आबांनी मान वर करून रेघ बघितली, चांगली आहे म्हणाले, आणि मान खाली आली तशी गाठीला दुसरा पीळ दिला.

"आबा, मी उचलून धरतो तुमाला," नाथाजी म्हणाले.

"मला कोन उचलतोय? मी देवाला उचलनारा मानूस हाय."

मागचा खांदा पुढच्यापेक्षा कमी नाही हे दाखवण्याची ऋषिराजच्या घराण्याला ही पहिलीच संधी होती. तो पश्चिमेच्या खांबावर सरसर चढला आणि त्यानं तारेचं दुसरं टोक पाइपच्या अगदी टोकाला बांधलं, रेघेच्या दोन फूट वर. टाळ्या झाल्या. अब्दागिरीवाल्यांनी तिसरी गाठ मध्यम मार्गानं घातली. ढोलवाल्यांनी आपली दोरी तीन वेढे देऊन कडक केली. सनईचा मानकरी पनवेलला असल्यानं त्याला फोनवरून दाखवण्यात आलं, आणि "माझ्या वतीनं" असं तो म्हणाल्यावर त्याच्या पुतण्यानं गाठ मारली. मध्ये चहा झाला, फोटो झाले. पोहे संपले तेव्हा आठवी गाठ चालू होती.

दोन वाजेपर्यंत दहा गाठी पूर्ण झाल्या. जाळी आता पूर्वेला छातीशी आणि पश्चिमेला आभाळाशी होती, पाटणकडच्या डोंगरातल्या भातखाचरासारखी. पूर्वेकडून रांगतं पोर चेंडू पलीकडे टाकू शकलं असतं. पश्चिमेकडून चिमणीला वळसा घालावा लागला असता.

"आबा, निस्ती तुमची यवडी एक सोडून वर घेतो," नाथाजींनी शेवटचा प्रयत्न केला.

बांधलेली मानाची गाठ दुसऱ्यानं सोडणं म्हणजे मानकऱ्याच्या डोक्यावरचा फेटा उतरवणं. आबांनी फक्त फेटा सारखा केला. नाथाजींनी टेप खिशात घातली.

अकरावी गाठ गुंडाची. गुंडा पुढे आला, त्यानं दोरी हातात घेतली, दुसरा हात वर केला आणि म्हणाला, "थांबा."

सगळे थांबले. पाच मिनिटं गेली.

"गुंडा," नाथाजी म्हणाले, "आता चला म्हन आनि मार गाठ."

"म्हनतो की."

"म्हन मग."

"आवं दादा, अडवायचं म्हंजी जरा वेळ अडवाय नगं? लगीच चला म्हनलो तर आमच्या आज्याला काय वाटंल?"

"किती वेळ अडवायचं?"

"त्ये काय ठरल्यालं न्हाई."

एवढ्यात गुंडाचा फोन वाजला. त्याच्या उसाला तोड आली होती. टोळी फडात उतरली, ट्रॅक्टर बांधावर उभा. या उसाच्या पट्ट्यात आलेली टोळी सोडून कुणी लग्नाच्या बोहल्यावरही उभा राहत नाही, आणि त्याला कुणी नावं ठेवत नाही. गुंडानं दोरी होती तशी सोडली आणि मोटरसायकलला किक मारली.

"आरं, चला तरी म्हन जाताना," नाथाजी मागून ओरडले.

"आल्यावर म्हनतो," गुंडा म्हणाला.

म्हणजे जाळी बांधण्याचा कार्यक्रम संपला नव्हता, थांबला होता. आणि थांबलेल्या पालखीसमोर जसं कुणी जेवायला बसत नाही, तसं थांबलेल्या जाळीवर खेळता येणार नव्हतं. भामाबाईंनी नियम बघितला. नियम नव्हता, पण असता तर तो असाच असता, असं सगळ्यांचं मत पडलं. लोक पांगले.

चारला सुकुमार आला. पांढरी अर्धी चड्डी, पांढरे कॅनव्हासचे बूट, काखेत नवा बॉल. तो जाळीसमोर उभा राहिला. डोकं पूर्वेकडे कलवून बघितलं, पश्चिमेकडे कलवून बघितलं.

"जाळी मीच इकली काय रं ही?"

"तूच."

"कुनाला सांगू नगंस."

दोघे खांबाला टेकून गुंडाची वाट बघत बसले. साडेचार झाले, पाच झाले. गुंडाला फोन केला तर मागे ट्रॅक्टरवरची गाणी ऐकू येत होती. नाथाजींनी गुडघा चोळला. उद्या या वेळेला तो मिरजेत कुणाच्या तरी हातात असणार होता. पुढच्या आठवड्यात "चला" म्हणून उपयोग नव्हता.

तेवढ्यात नाथाजींच्या बायको शालूबाई कमरेवर हात ठेवून पटांगणाच्या कडेला आल्या.

"आवं, दिस कुटं गेला बगा की. पावनं दिस मावळल्यावर जेवत न्हाईत, ठावं हाय न्हवं? कांदा-बटाटा न घालता समदं करून ठिवलंय. उटा."

सुकुमार धर्मानं जैन. सूर्यास्तानंतर तो अन्नाला शिवत नाही, हे शालूबाई एक्केचाळीस वर्षं ऐकून होत्या. दोघे निमूट उठले.

घरामागच्या परड्यात हातपाय धुताना सुकुमार एकदम थांबला. गोठ्याच्या खांबापासून शेवग्याच्या झाडापर्यंत धुण्याची तार होती आणि तिच्यावर दोन वाकळा वाळत होत्या. दोघांनी तारेकडे बघितलं. मग एकमेकांकडे बघितलं.

"वैनी," सुकुमार म्हणाला, "वाकळा वाळल्या का वो?"

"सकाळीच वाळल्यात. का?"

नाथाजींनी खिशातली टेप काढली. तार वाकळांच्या भारानं पाच फुटांवर आली होती. सुकुमारनं दोन बाजूंना दोन दुबेळक्या काठ्या लावून ती वाकळांसकट वर उचलली, नाथाजींनी मोजलं, आकडा बघून दोघांनी मान डोलावली. चार मिनिटं लागली. या तारेला दोन टोकांना दोन गाठी होत्या. त्या शालूबाईंनी लग्नानंतर तिसऱ्या वर्षी मारल्या होत्या, स्टुलावर उभ्या राहून, स्वयंपाक चुलीवर असताना. एकदाही सुटल्या नव्हत्या.

"चौदा-चौदा," सुकुमार म्हणाला. "सर्व्हिस तुजी. जुन्याच नियमानं."

जुना नियम असा, की ज्याची सर्व्हिस त्यालाच गुण, आणि जिंकायला दोन गुणांची आघाडी. नाथाजींनी एक्केचाळीस वर्षं हातात धरलेला बॉल हवेत टाकला. सुकुमारनं घेतला, नाथाजींनी परतवला, पाच-सहा वेळा इकडून तिकडे झाला आणि शेवटी सुकुमारचा हात जड पडला. बॉल बाहेर, कडेच्या वाफ्यात गेला.

"पंधरा-चौदा," नाथाजी म्हणाले.

"माजी कोथमीर," शालूबाई म्हणाल्या.

दुसरी सर्व्हिस. सुकुमारनं ती उंच परतवली, तारेच्या अगदी वर. पलटणीत असा बॉल आला की आख्खी कंपनी उभी राहायची. नाथाजी जागच्या जागी थांबले असते तरी चाललं असतं. ते उडाले. फार नाही, चार बोटं. पण उडाले. बॉल तारेवर आदळला, तार थरथरली, बॉल तिच्यावर क्षणभर टेकला आणि सुकुमारच्या बाजूला पडला.

सोळा-चौदा.

नाथाजी जिथे उतरले तिथेच बसले. सुकुमार तारेखालून वाकून आला आणि त्यांच्याशेजारी मातीत बसला. बराच वेळ दोघे धापा टाकत राहिले.

"जितलास गड्या," सुकुमार म्हणाला. मग बुटावरची माती झटकत म्हणाला, "आता दिवाळीला फोन करून बोलायचं काय रं?"

नाथाजींनी तारेकडे बघितलं. काठ्या बघितल्या, वाकळा बघितल्या. गुडघ्यातून कळा येत होत्या.

"ही काय जाळी हाय व्हय?" ते म्हणाले. "धुन्याच्या तारंवरचा निकाल कोन धरतंय? चौदा-चौदाच हाय आजून. सर्व्हिस माझी."

"हरलेला कुटला," सुकुमार म्हणाला, आणि त्यांना हात देऊन उठवलं. दिवस मावळायला वीस मिनिटं होती. तेवढ्यात त्याच्या तीन भाकरी खाऊन झाल्या.

ग्रामपंचायतीनंही हा निकाल धरला नाही. दप्तरात मॅच चौदा-चौदाच आहे. नाथाजींचं ऑपरेशन चांगलं झालं. ते काठीशिवाय चालतात, आणि फिरून येताना पटांगणावर थांबून लाल रेघ फिकी पडली का ते बघतात. जाळी आहे तशीच आहे. तिच्यासमोर आजवर तीन सत्कार आणि दोनशेच्या वर फोटो झाले. खेळ झालेला नाही, त्यामुळे ती कुठे फाटलेलीही नाही. आसपासची दोन गावं पाहणी करून गेली. गुंडाचा ऊस केव्हाच कारखान्याला गेला. विचारलं की तो अजून "म्हनतो की" म्हणतो.

वाचकाला या गावाचं हसू आलं असेल तर त्यात गैर नाही. गाठी किती, हे आता झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. पहिली आबांची, दुसरी ऋषिराजची, अकरावी गुंडाची, हेही पाठ झालं असेल. तर मग वर न बघता एवढंच सांगावं: जाळी जमिनीपासून किती उंच बांधायची असते?

आठवत नसेल तर संकोच करू नये. जांभुळदऱ्याला यावं. बारावी दोरी अजून मोकळीच लोंबते आहे.